परक्याचा परवाना: 'बाल्डविन' निकालाची चिकित्सा

आज एका अमेरिकन निकालाची उलटतपासणी करू. मोंटाना राज्यात एल्क नावाचं मोठं हरीण आहे. १९७६ साली त्याच्या शिकारीचा परवाना स्थानिक माणसाला ९ डॉलरला मिळे. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मात्र इतर प्राण्यांसकटचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे, २२५ डॉलरचा. स्थानिकाला तोच एकत्रित परवाना ३० डॉलरला. म्हणजे साडेसातपट फरक. मिनेसोटाचे काही शिकारी कोर्टात गेले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ मतांनी हरले.

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा युक्तिवाद काय? तर घटनेतलं समान वागणुकीचं संरक्षण पोटापाण्यासारख्या मूलभूत गोष्टींसाठी आहे. एल्कची शिकार ही करमणूक. १९४८ साली साउथ कॅरोलायनाने कोळंबी पकडणाऱ्या स्थानिकांना २५ आणि परक्यांना २५०० डॉलर लावले, ते याच न्यायालयाने रद्द केलं होतं. पण तिथे प्रश्न पोटाचा होता.

आता बघा, विचारलं होतं 'भेद का करता?' आणि उत्तर आलं 'तुमची वस्तू क्षुल्लक आहे.' हे त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हे! वस्तू लहान असो की मोठी, भेद करणाऱ्याने कारण द्यायला हवं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात नेमकं हेच मागितलं.

राज्याकडे कारण होतं, नाही असं नाही. स्थानिक माणूस करातून वन्यजीवांचा भार उचलतो, एल्क त्याच्याच कुरणात चरतात. मला हे पटतं. पण कारण आलं की त्याच्याबरोबर मापही येतं. खालच्या न्यायालयानेच म्हटलं होतं, की साडेसातपट फरक खर्चाच्या हिशेबात बसत नाही. बरं, शिकार मर्यादेत राहावी म्हणावं, तर परक्यांच्या परवान्यांवर वर्षाला १७,००० ची मर्यादा आधीच होती. शिवाय मोंटानातली कितीतरी जमीन संघराज्याची, आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. तो मिनेसोटाचा शिकारीही भरतोच की.

मग फरक एवढा का? माझ्या मते कारण साधं आहे: परक्याला मोंटानात मत नसतं. ज्याला मत नाही त्याच्यावर कर बसवणं सोपं. न्यायालयाने जागं राहायचं ते नेमकं अशाच ठिकाणी.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, वन्यप्राणी राज्याच्या मालकीचे असतात हा १८९६ पासूनचा सिद्धांत याच न्यायालयाने मोडीत काढला. राहिली ती राखणदारी. राखणदाराने राखणीचा मोबदला जरूर घ्यावा, पण धन्यासारखी किंमत सांगू नये. ब्लॅकमन यांच्या निकालात हा फरकच पुसला गेला, आणि माझा आक्षेप आहे तो यालाच.