नववीचे व्याकरण आणि द्रौपदीचा प्रश्न

माध्यमिक शाळेच्या नवव्या इयत्तेत मराठी हा विषय एकच असला, तरी त्यातील व्याकरण आणि जुने आख्यानकाव्य हे दोन भाग एकमेकांशी अबोला धरल्यासारखे शिकविले जातात. व्याकरणाच्या तासाला ‘रामाने रावण मारला’ या वाक्यातील प्रयोग ओळखावयाचा असतो. राम कोण, रावण कोण, याच्याशी त्या तासाला कर्तव्य नसते. काव्याच्या तासाला मोरोपंतांच्या चार आर्या किंवा मुक्तेश्वरांच्या काही ओव्या समोर येतात. शिक्षक अन्वय व सरळार्थ सांगतात, विद्यार्थी तो उतरून घेतात, अलंकाराचे नाव लिहून होते आणि काव्य संपते. एकीकडे काव्य नसलेले व्याकरण आणि दुसरीकडे व्याकरण नसलेले काव्य, अशी ही वाटणी आहे. ती सोयीची असेल. परंतु तिच्यामुळे दोन्ही भागांतील मर्मच हाती लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत एका प्रसंगाच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे. तो प्रसंग म्हणजे सभापर्वातील द्यूत.

ही वाटणी आली कोठून, याचा शोध थोडक्यात घेता येईल. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. परशुरामपंत गोडबोले यांचा ‘नवनीत’ हा वेच्यांचा संग्रह १८५४ मध्ये आला. दोन्ही पुस्तके नव्या शाळांच्या गरजेतून वाढली आणि दोन्हींचे ऋण मोठे आहे. तथापि पहिल्याने वाक्य हा सुटा नमुना केला, तर दुसऱ्याने आख्यान हा वेचा केला. पुढे वेच्यांचा वेचा होत गेला. आज विद्यार्थ्यासमोर येते ते बहुधा एखादे सुभाषितवजा कडवे किंवा उपमेसाठी निवडलेले वर्णन. ज्या काव्याचा प्राण ‘कोणी, कोणाला, काय केले’ यात आहे, त्यातून नेमका कर्ता आणि कर्म वगळून केवळ विशेषणे शिकवावीत, असा हा प्रकार झाला.

आता द्यूताकडे वळू. युधिष्ठिर संपत्ती हरतो, मग एकेक भाऊ, मग स्वतःला, आणि शकुनीने आठवण करून दिल्यावर द्रौपदीला पणाला लावतो. सभेत नेण्यासाठी आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठविते ती एक प्रश्न देऊन: राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? विदुर म्हणतो, जो स्वतःचाच धनी उरला नाही त्याला पण लावण्याचा अधिकार नव्हता. विकर्ण तेच म्हणतो. कर्ण ते खोडून काढतो. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे एवढे म्हणून थांबतात. या प्रश्नाचा निर्णय सभेत लागत नाही. मूळ संस्कृतात हा प्रश्न कर्तरी क्रियापदाने विचारलेला आहे: हरणारा कर्ता, ‘स्वतः’ आणि ‘मी’ ही दोन्ही कर्मे द्वितीयेत. संस्कृतात कर्म माणूस असो की रथ, द्वितीयेवाचून त्याची सुटका नाही. मराठीत मात्र कवीला निवड करावी लागते, आणि येथेच नववीचे व्याकरण उपयोगाला येते.

पुढील तीन वाक्ये पाहावीत. ती कोणत्याही काव्यातील नसून वर्गासाठी रचलेली आहेत. ‘धर्मराज द्रौपदी हरला.’ ‘धर्मराजाने द्रौपदी पणाला लावली.’ ‘धर्मराजाने द्रौपदीला पणाला लावले.’ विद्यार्थी कर्तरी, कर्मणी, भावे अशी उत्तरे देईल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. परंतु खरे प्रश्न त्यानंतरचे आहेत. ‘हरणे’ हे क्रियापद भूतकाळी सकर्मक असूनही ‘ने’ का घेत नाही? ‘तो धडा शिकला’, ‘ती निरोप विसरली’, ‘तो पाणी प्याला’ यांच्या पंगतीला ते बसते, एवढे विद्यार्थ्याला सांगता येईल. त्यामुळे पहिल्या वाक्यात क्रियापदाचे लिंग हरणाऱ्याचे आहे. कृत्य त्याच्यापाशीच राहते. दुसऱ्यात क्रियापद द्रौपदीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, पण द्रौपदी तेथे प्रत्ययहीन उभी आहे. ‘रत्ने पणाला लावली’, ‘गाय पणाला लावली’ आणि ‘द्रौपदी पणाला लावली’ यांच्या रचनेत तिळमात्र फरक नाही. तिसऱ्या वाक्यात तिला ‘ला’ मिळतो. हा प्रत्यय आजच्या मराठीत निर्जीव कर्माला सहसा लागत नाही, निश्चित अशा मानवी कर्माला लागतो. द्रौपदी माणूस ठरते. पण त्याबरोबर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाते, ते ना कर्त्याचे राहते, ना कर्माचे. ही रचनेची गोष्ट आहे, तीत कोणाचा हेतू शोधू नये. परंतु द्रौपदी वस्तू की व्यक्ती हा सभेतील वाद मराठीत एका प्रत्ययापाशी येऊन ठेपतो, हे विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देण्यास काय हरकत आहे?

याहून महत्त्वाची गोष्ट सर्वनामांची. ‘त्यांनी द्रौपदी पणाला लावली’ हे मराठी आहे. ‘त्यांनी मी पणाला लावली’ हे मराठी नव्हे. प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनाम कर्म झाले की त्याला ‘मला’, ‘तुला’ हेच रूप घ्यावे लागते. दुसरे लोक द्रौपदीविषयी बोलताना प्रत्यय टाळू शकतात. ती स्वतःविषयी बोलू लागली की तो टाळता येत नाही. मराठी बोलणारी कोणतीही व्यक्ती स्वतःला प्रत्ययहीन कर्म करू शकत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना हे सांगून पाहावे. ‘स, ला, ते’ ही पाठ केलेली ओळ प्रथमच काही तरी बोलू लागते. त्या ओळीतील ‘ते’ हा प्रत्यय आज कोणाच्या बोलण्यात नाही. तो राहिला आहे ‘मातें’, ‘तूतें’ अशा जुन्या काव्यातील रूपांत. विद्यार्थी जो प्रत्यय पाठ करतो त्याचे एकमेव वसतिस्थान त्याला त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात भेटते, आणि दोहोंची ओळख कोणी करून देत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे, कारण असल्या वाचनाचा उत्साह लवकरच अतिरेकाला जातो. सतराव्या शतकातील मुक्तेश्वर, त्यांच्या मागून आलेले ‘पांडवप्रतापा’चे कर्ते श्रीधर आणि अठराव्या शतकातील मोरोपंत यांच्या भाषेत मानवी कर्म प्रत्ययावाचून येणे हे आजच्यापेक्षा कितीतरी अधिक सहज होते. तेथे प्रत्ययहीन नाव दिसले म्हणून कवीने स्त्रीला वस्तू मानले असा निष्कर्ष काढणे म्हणजे आजच्या भाषेचा नियम कालच्या भाषेवर लादणे होय. मोरोपंतांच्या बाबतीत तर छंदाचाही हिशेब धरावा लागतो. एखादा प्रत्यय अर्थासाठी आला की मात्रांसाठी, हे प्रत्येक ठिकाणी ठरविता येत नाही. परंतु ही सावधगिरी शिकविणे हेच भाषेच्या इतिहासाचे पहिले पाऊल नव्हे काय? आपली भाषा पूर्वी निराळी होती हे विधान विद्यार्थी पाठ करतो. ती कोणत्या जागी निराळी होती, हे त्याला दिसावे.

लेखनपद्धतीचाही येथे संबंध येतो. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वी भावे प्रयोगातील ‘लावलें’ आणि अनेकवचनी पुल्लिंगी ‘लावले’ हे डोळ्यांना वेगळे दिसत. आज ‘द्रौपदीला पणाला लावले’ आणि ‘हत्ती पणाला लावले’ यांतील क्रियापदे कागदावर एकच आहेत. अनुस्वार परत आणावेत असे मुळीच सुचवावयाचे नाही; तो निर्णय योग्य होता. परंतु विद्यार्थ्याच्या तोंडी हा भेद अद्याप जिवंत आहे. तो ‘तिला पणाला लावलं’ म्हणतो आणि ‘हत्ती लावले’ म्हणतो. वर्गात वाक्य मोठ्याने म्हणवून घेतले, तर जो भावे प्रयोग पुस्तकात ओळखता येत नाही तो कानाला ओळखू येतो. जुन्या छपाईची एखादी प्रत वर्गात फिरविली तर उत्तमच.

अन्वयाच्या प्रथेवरही थोडे बोलले पाहिजे. अन्वय करणे ही मूलतः उत्कृष्ट व्याकरणक्रिया आहे. आर्येच्या दोन ओळींत शब्द आपापल्या जागा सोडून विखुरलेले असतात. त्यांना जोडणारे दोनच धागे असतात: प्रत्यय आणि क्रियापदाचे लिंगवचन. ते धरून वाक्य जुळविणे म्हणजे प्रयोगाचे ज्ञान कामाला लावणे. कधी हे धागेही तुटतात. ‘धर्म नकुल हरला’ या वाक्यात दोन्ही नामे पुल्लिंगी, दोन्ही प्रत्ययहीन. कोण कोणाला हरला हे व्याकरण सांगत नाही, कथा सांगते. ‘धर्म द्रौपदी हरला’ यात मात्र क्रियापदाच्या लिंगावरून निर्णय होतो, मग शब्द कोणत्याही क्रमाने येवोत. असा उद्योग विद्यार्थ्याने स्वतः करावयाचा, तर तो मार्गदर्शिकेत छापून तयार मिळतो! शिवाय अन्वय झाला म्हणजे कविता समजली, ही समजूतही चुकीची आहे. अन्वय केल्यावर पुन्हा मूळ क्रमाकडे यावयास हवे आणि कवीने अमुक शब्द आधी का ठेवला हे विचारावयास हवे. द्रौपदीचा प्रश्न तर ‘आधी’ या शब्दावरच उभा आहे. कीर्तनकार हेच करीत आले आहेत: पद म्हणावे, फोड करावी, दृष्टान्त द्यावा आणि पुन्हा पद म्हणावे. शाळेने यातील केवळ फोड उचलली.

वेळ नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु दहा सुट्या वाक्यांचे प्रयोग ओळखण्यात जो वेळ जातो, त्यात एका प्रसंगातील तीन वाक्ये नीट पाहून होतात. आणखी एक अडचण मात्र गंभीर आहे. नववीत इंग्रजीच्या तासाला विद्यार्थी कर्मप्रधान रचना शिकतो आणि ती व मराठीतील कर्मणी प्रयोग एकच, असे समजून बसतो. ‘रामाने रावण मारला’ याला कर्मणी म्हणण्याचे कारण त्या रूपाच्या संस्कृत कुळात व क्रियापदाच्या कर्मानुसारित्वात आहे. बोलणाऱ्याच्या मनात तेथे रामच कर्ता असतो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ ही गोष्ट वेगळी. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून, म्हणजे १९११ पासून, या प्रकरणाची बारकाईने चर्चा उपलब्ध आहे. ती पदव्युत्तर वर्गात राहते आणि शाळेत जाते ती केवळ परिभाषा. अध्यापक-विद्यालयांचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे.

आणि मग तो विद्यार्थी, जो वहीत ‘धर्मराजाने द्रौपदीला पणाला लावली’ असे लिहितो. शिक्षक तांबड्या शाईने ‘लावले’ करतात. वास्तविक या रचनेला व्याकरणकारांनी कर्मभावसंकर असे नाव दिले आहे. ‘आईने मुलीला निजविली’ हे त्याचे परिचित उदाहरण. अनेक घरांत व बोलींत ती रोजची रचना आहे. द्रौपदीला प्रत्यय देऊनही क्रियापदाने तिचे लिंग सोडलेले नाही. प्रमाणलेखनात ‘लावले’ लिहावे हे त्या मुलाला सांगावेच लागेल. पण समासात खूण करण्यापूर्वी, त्याच्या घरी हे वाक्य कसे म्हणतात हे शिक्षकांनी एकदा विचारावे आणि उरलेल्या वर्गाला ते ऐकू द्यावे.