पट्टी की दोरा?

भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून आपण मुंबई ते न्यूयॉर्क रेषा काढतो. ती अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. त्या वाटेने सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहू. तो सेंट पीटर्सबर्गजवळून, आइसलँडवरून जातो. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर जवळजवळ दोन तासांचा फरक!

दोष मर्केटरचा नाही. १५६९ मध्ये त्याने हा नकाशा होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशांसाठी केला. तो आपण अंतर मोजायला वापरतो, ही चूक आपली. खापर ते अक्कलकुवा एवढ्या अंतरात ती जाणवत नाही, म्हणून सवय पक्की होते.

दुसरी उणीव आपल्या गणितातली. अंतर भागिले वेग, उत्तर १४ तास, विषय संपला! पण उंचावरचे पश्चिमी वारे जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीला सहसा वेळ कमी लागतो. हे न सांगितल्यास विमानाचे वेळापत्रक मुलांना चुकीचे वाटेल.

खापरच्या वर्गातही ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल आणि दोरा पुरे. १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मोजणी मात्र मुलांनाच करू द्यावी, असे आम्हांला वाटते.