जादू आणि गुप्त दार

अद्भुतकथेत गुप्त दार आले की लेखकाची कसोटी लागते. मांत्रिकाने मंत्र म्हणताच दार दिसले आणि उघडलेही, तर वाचकाने धडधडत्या छातीने पान उलटावे कशासाठी? इंग्रज कादंबरीकार टॉल्किन याने ही मेख ओळखली होती. 'द हॉबिट' (१९३७) मध्ये नकाशावरची चंद्रलिपी वाचून डोंगरातल्या दाराचा सुगावा लागतो. पण हत्यारे आपटून, मंत्र पुटपुटूनही ते उघडत नाही. ठरल्या दिवशी मावळतीचा किरण पडतो तेव्हाच किल्लीचे छिद्र दिसते. इथे योगायोगाचा वाटा जरा जास्तच आहे.

'द फेलोशिप ऑफ द रिंग' (१९५४) मध्ये तोही दोष नाही. मोरियाच्या कड्यावरचे दार चांदण्यात उजळते. त्यावरच्या ओळीतून गॅन्डाल्फ अर्थ काढतो, की मित्राने परवलीचा शब्द उच्चारावा. त्याचे सारे मंत्र वाया जातात. वास्तविक 'मित्र' हाच परवलीचा शब्द! उमगताच तो थोर जादूगार हसत सुटतो, आणि त्याच्याबरोबर आपणही.

जादूने दार दाखवावे. उघडायचे काम मात्र बुद्धीवर सोडावे. दोन्ही जादूनेच केले, तर दार उघडते आणि गोष्ट मिटते.