झटपटपणाचा हिशेब

दिवाळी अंकात झटपट स्वयंपाकाविषयी लिहिणे म्हणजे लग्नघरी उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. तरीही लिहिते. 'सोपे, झटपट, घरगुती' अशी ग्वाही देणाऱ्या व्हिएतनामी पाककृती मी हौसेने वाचते आणि पनवेलच्या माझ्या ओट्यावर करून पाहते. पाककृती हेही लेखनच आहे. त्याची परीक्षा जिभेवर व्हावी, तशी प्रामाणिकपणावरही व्हावी.

पहिला आनंद ओळखीचा. बान्ह सेओ म्हणजे तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध यांचे घावनच. आत कोळंबी, मांस आणि मोड आलेले मूग. तव्यावर पीठ पडताच जो 'चर्र' आवाज होतो, त्यावरूनच त्याला नाव पडले. कान्ह चुआ हे मासळीचे आंबट सार. त्यात चिंच, टोमॅटो, अननस आणि अळूच्या जातीचे देठ. कोकणच्या माणसाला याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

येथेच मी फसले. 'देठ शेवटी घालून दोन मिनिटांत उतरवा' असे लिहिले होते. मी परसातल्या अळूचे देठ घातले आणि संध्याकाळभर घसा खवखवत बसले! तिकडचे देठ वेगळ्या जातीच्या अळूचे. आपला अळू चिंच घालून चांगला शिजवावा लागतो, हे आपल्या आज्या सांगत आल्या. ती दोन मिनिटे त्या देठांची होती, माझ्या देठांची नव्हती. लेखकाने एवढे एक वाक्य लिहायला हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. या रसोईचा प्राण म्हणजे नुओक माम, मासळीचा खारा अर्क. त्यात लिंबू, साखर, पाणी, लसूण आणि मिरची घातली की तोंडी लावणे पाच मिनिटांत तयार. खरे आहे. परंतु फू क्वॉक बेटावर आपल्या मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी मिठात घालून लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर मुरत ठेवतात, तेव्हा तो अर्क पाझरतो. मी एकदा त्याऐवजी नुसते मीठ घातले. चव पाणचट झाली. पाच मिनिटांच्या मागे वर्ष उभे असते, ते असे कळले.

हा दोष केवळ परक्या पाककृतींचा नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्या हाताला धीर दिला, ते मोठे काम होते. मापाचा प्रश्न सुटला. वेळेचा मात्र बहुतेक लेखनात अजून सुटलेला नाही. वर्षाचा मसाला कुटणे, आगळ काढणे, सुकट वाळवून निवडणे हे कोणत्याच 'पंधरा मिनिटांत' धरले जात नाही. आणि ते करणारे हात बहुधा बायकांचेच असतात.

म्हणून व्हिएतनामी घावन जरूर करा, मुलांना आवडेल. पण डब्यातल्या भाजणीची चकली अर्ध्या तासात झाली असे कोणी कौतुकाने म्हणाले, तर एवढेच विचारा: भाजणी कोणी भाजली?