‘माझी’ मैना कोणाची?

आज एकाच गाण्याबद्दल बोलतो. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरला छक्कड कशाला? सांगतो.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याचं जे गाणं पुढे जगभर गेलं, आपल्या शाळांत ‘हम होंगे कामयाब’ म्हणून आलं, ते १९४५-४६ साली चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांच्या संपात गायलं गेलं. संपकऱ्यांत काळ्या बायका पुष्कळ. चर्चमधल्या जुन्या गाण्यातला ‘मी’ अशा वाटेनं ‘आम्ही’ झाला. एकट्याचं सगळ्यांचं करायचं तर सर्वनाम बदलायचं, सरळ हिशेब.

अण्णाभाऊ सर्वनाम बदलत नाहीत. ‘माझी’ ती ‘माझी’च. परळ-लालबागला गाववाल्यांच्या खोलीत दाटीनं राहणारा, खाणावळीत जेवणारा गिरणी कामगार, बायको गावी. हे दुःख इतकं घरोघरचं, की ‘आम्ही’ म्हणायची गरजच नव्हती. १९४४ साली अमर शेख, गवाणकर आणि अण्णाभाऊ यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा समोर बसलेला श्रोता हाच. शाहिरानं ओळ टाकली की मागचे झीलकरी ती उचलतात, आणि ‘माझी’ अनेक तोंडांतून येतं. पुस्तकात हे दिसत नाही. आम्ही प्राध्यापक मंडळी पुस्तकच वाचतो, तो आमचा दोष.

आणि मग, संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत, विरहाची जागा बदलते. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग ही नावं येतात. मैना म्हणजे तुटलेला मुलूख. हे रूपक मला पूर्ण पटत नाही, हेही सांगून टाकतो. भूमीला बाई केलं की बाईचं म्हणणं मागे पडतं. तो झुरतो, पण गावी राबणारी ती काय म्हणते? तरी युक्तिवाद म्हणून ते पक्कं आहे. ज्याला ताटातूट अंगानं ठाऊक, त्याला सीमाप्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

१ मेच्या कार्यक्रमांत अलीकडे हे गाणं ऐकतो. मैनेचं रूपवर्णन होतं, टाळ्या पडतात, गाणं थांबतं. बेळगावपर्यंत गायक पोचतच नाही. महाराष्ट्र १९६० साली झाला, बेळगाव अजून कर्नाटकात. म्हणजे छक्कडीतली मागणी शिल्लकच आहे, आणि आपण कापतो ते नेमकं तेच. एकदा एका संयोजकाला विचारलं. तो म्हणाला, ‘सर, वेळ कमी असतो.’