बायको खरी कोणती?

मंडळी, दहिसरला आपल्यात जुन्या सिनेमांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद घडाघडा म्हणणारा. दुसरा ‘पाठलाग’चा शेवट फोडू नका, म्हणून दटावणारा. आम्हाला वाटतं, हे दोघे एकाच गोष्टीचे चाहते आहेत.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४चा. त्यावरूनच दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ आला. सचिन यांचा ‘बनवाबनवी’ १९८८चा, हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला. इथे पुण्यात भाड्याची खोली जोडप्यांनाच मिळते, म्हणून दोघे पुरुष साड्या नेसतात, आणि घरमालकिणीला ते पटतं. तिकडे एक बाई वकिलाला सांगते, मी तुमची बायको. पण बायको तर त्यानं डोळ्यांदेखत गमावलेली! त्याला कसं पटावं? दोन्हीकडे घरात शिरायचं तर बायको असल्याचं सिद्ध करावं लागतं.

मग एकात हसू का येतं अन् दुसऱ्यात धडधड का होते? हसवताना दिग्दर्शक आपल्याला आधीच कटात घेतो. घाबरवताना बाहेर उभं करतो. बस, इतकंच.

म्हणून शेवट कळला की ‘पाठलाग’ संपला, हे आम्हाला मान्य नाही. दुसऱ्यांदा बघा. आता वकिलापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं, अगदी ‘बनवाबनवी’सारखं. त्याच्या एकेका प्रश्नाचा घाव कुणावर बसतोय ते दिसतं. फक्त हसू येत नाही.