बाबू हरदास यांचं चरित्र वाचताना: 'जय भीम' राहिला, बिडी कुठं गेली?

संशोधनासाठी चरित्रं वाचणार असाल तर आधी एक करून बघा. बाबू हरदास एल. एन. यांच्यावरचे दोन-तीन परिचयलेख शेजारी ठेवा. ६ जानेवारी १९०४ ला जन्म, कामठी हे गाव, 'जय भीम' अभिवादनाचे प्रवर्तक, १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार, १२ जानेवारी १९३९ ला मृत्यू. मध्येच एक वाक्य येतं, 'त्यांनी बिडी कामगारांना संघटित केलं', आणि लेख पुढे निघून जातो.

माझा आक्षेप त्या घाईवर आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला बिडीचा धंदा समजावून सांगायला नको. सट्टेदाराकडून पत्ता, तंबाखू, धागा आणायचा, घरी बसून बिड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. मजुरी हजारावर. नापसंत माल 'छाट' म्हणून बाजूला काढला की त्याचे पैसे कापले जातात. या कामगाराला गिरणीसारखं फाटक नाही, भोंगा नाही. संप करायचा तर कुणाच्या दारात? मग अशा विखुरलेल्या लोकांची संघटना उभी राहिली कशी? खरा प्रश्न हा आहे, आणि परिचयलेख नेमका तोच टाळतात.

दुसरा प्रश्न मतांचा. १९३७ ला सरसकट मतदान नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. म्हणजे ज्यांचा नेता, त्यातल्या कित्येकांना मतच नाही. मग ते निवडून आले ते कुणाच्या बळावर? 'कामगारांनी निवडून दिलं' असं लिहून मोकळं होता येत नाही.

तुलना करायची तर जर्मनीकडे बघा. तिथे फ्रिट्शे नावाच्या सिगार कामगाराने १८६५ मध्ये सिगार कामगारांची देशव्यापी संघटना काढली आणि पुढे तो संसदेत गेला. धंदा तंबाखूचाच. पण फ्रिट्शे स्वतः सिगार वळणारा, तर हरदास यांचे वडील रेल्वेत कारकून आणि ते स्वतः मॅट्रिक. 'कामगार नेता' या एका शब्दाखाली हा फरक झाकला जातो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे 'जय भीम' बाजूला ठेवायचा का? अजिबात नाही. उलटी चूकही तेवढीच मोठी. 'जोहार' घालणारा माणूस मान खाली घालून बोलतो. 'जय भीम' म्हणणारा समोर बघून. छाट काढणाऱ्यासमोर उभं राहताना या फरकाने काही बदललं असेल का? माझ्या मते अभिवादन आणि संघटना ही एकाच लढ्याची दोन अंगं होती. पण हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ते तपासायचं तर मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेची कामकाजं, त्या काळातली वर्तमानपत्रं आणि बिडी वळणाऱ्या घरांतल्या आठवणी एकत्र वाचाव्या लागतील. १९३१ चा व्हिटली आयोगाचा अहवालही उघडा. बिडी कारखान्यांतल्या लहान मुलांबद्दल त्यात लिहिलेलं आहे.

विषय सापडत नाही म्हणता ना? चरित्रकार जिथे एका वाक्यात पुढे सरकतो, तिथे पेन्सिलने खूण करा. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९६६ साल उजाडलं. मधल्या सत्तावीस वर्षांत ती माणसं काय करत होती, हे अजून कुणीतरी लिहायचं आहे.